आधी पत्रा, मग इंजिन

इंग्लंडमध्ये एखाद्या हौशी माणसाच्या गॅरेजचं दार उघडलं आणि आत चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली जुनी स्पोर्ट्‌स कार दिसली, तर ती एमजीबी असण्याची शक्यता बरीच मोठी. बॉनेट भिंतीला टेकवलेलं, सीटांवर रंगाचे डबे, आणि दाराखालचा पत्रा बोटानं दाबला तर बोट आत जाईल अशा अवस्थेत. जुन्या स्पोर्ट्‌स कारचं नाव निघालं की आपल्याला जग्वार, फेरारी आठवतात. पण घरच्या घरी, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारच्या जोरावर लोक जी गाडी उभी करतात ती ही साधी, मध्यमवर्गीय गाडी. तिचा साधेपणा हाच तिच्या पुनरुज्जीवनाचा खरा आधार आहे.

एमजीबी बाजारात आली १९६२ साली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या लहानशा गावात एमजीचा कारखाना होता. मुख्य अभियंता सिड एनेव्हर आणि व्यवस्थापक जॉन थॉर्नली यांच्या देखरेखीखाली ती आकाराला आली. बाह्य आकृती बरीचशी डॉन हेटरच्या हातची. १९६५मध्ये तिची छप्परवाली बहीण, जीटी, आली. तिच्या छपराची रेषा इटलीच्या पिनिनफारिनाकडून घेतली होती. १९८०च्या ऑक्टोबरमध्ये उत्पादन थांबेपर्यंत दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. गाडीत अजब असं काही नव्हतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल हे सगळं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसीच्या) घरगुती मोटारींच्या कपाटातून काढलेलं. स्पोर्ट्‌स कारचे चोखंदळ रसिक त्या काळी यावर नाकं मुरडत. आज मात्र तीच गोष्ट कामाला येते, कारण जी वस्तू लाखांनी बनली तिचे भाग लाखांनी लागतात, आणि लागतात म्हणून कोणी ना कोणी ते बनवत राहतं.

हे किती टोकाला जातं याचं उदाहरण म्हणजे ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी. विखुरलेल्या, गंजत पडलेल्या मूळ डाय शोधून तिनं १९८८मध्ये एमजीबीचा अख्खा नवाकोरा सांगाडा पुन्हा बनवून विकायला काढला. गाडी बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर! त्याच सांगाड्याच्या जोरावर रोव्हरनं १९९२मध्ये व्ही-एट इंजिनाची आरव्ही-एट ही गाडी काढली. तयार झालेल्या सुमारे दोन हजार गाड्यांपैकी बहुतेक जपानला गेल्या. दुर्मीळ गाडीच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. तिथं एक दिव्याची काच मिळवायला दोन खंड पालथे घालावे लागतात. म्हणून पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्यानं दुर्मीळतेच्या मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मोह इंजिनाचा. गाडी बघायला गेलं की माणूस आधी बॉनेट उघडतो, चावी फिरवतो. इंजिन सुरू झालं की खूश, नाही झालं की निराश. खरं तर एमजीबीच्या बाबतीत इंजिन जाम असेल तर भाव पाडून घ्यावा आणि पत्रा ठणठणीत असेल तर लगेच बयाणा द्यावा. इंजिन बाहेर काढून, खोलून, बोअर करून, नव्या रिंगा घालून परत बसवता येतं. ते सगळं ठरलेल्या मापांचं काम आहे. पत्र्याचं तसं नाही. तो किती सडलाय हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापायला लागलं की कुठं थांबायचं हे कळत नाही.

कारण या गाडीला वेगळी चासी नाही. आधीच्या एमजीएला होती. तिथं चासीवर बॉडी बसवलेली असे. एमजीबीत बॉडी हाच सांगाडा. छप्परवाल्या गाडीत छप्परही थोडा भार उचलतं. उघड्या गाडीत ते नाही, त्यामुळे पुढचं चाक आणि मागचं चाक यांना जोडून ठेवण्याचं बहुतेक ओझं दाराखालच्या दोन लांब पेट्यांवर येतं. या पेट्यांना सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो फक्त वरचा पत्रा. आत आणखी एक उभा पत्रा, त्यापलीकडे आतली भिंत, आणि तळाशी जमिनीच्या पत्र्याला जोडणारी पट्टी. चारही मिळून बंद पेटी होते, तेव्हाच त्यात ताकद येते. झाकण काढलेला पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी पिळून बघा, म्हणजे एक पत्रा सडला की काय होतं ते कळेल.

सडण्याची सुरुवात होते पुढच्या चाकापाशी. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. चाकानं उडवलेला खारट चिखल पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साठतो, तिथली रबरी पट्टी फाटली की सिलच्या तोंडाशी जातो आणि पाणी जायची भोकं बुजली की आत मुरतो. गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बऱ्याचदा संपलेला असतो. आणि मग येतात हातचलाख डेंटर. सडलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता चिकटवायचा, कडांना लांबी भरायची, वर रंग मारायचा, की गाडी विकायला तयार. हे ओळखायला साधं लोहचुंबक पुरतं. रुमालात गुंडाळून दाराखालून हळूहळू फिरवावं. जिथं ते पकड सोडतं तिथं लोखंड नाही, लांबी आहे. दुसरी खूण दाराच्या फटीत असते. दार आणि मागचं अंग यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. ती वर चिंचोळी आणि खाली रुंद झाली असेल, तर गाडी मध्येच बसली आहे असं समजावं.

सिल बदलायची तर पहिला नियम असा, की गाडी सपाट जमिनीवर, योग्य जागी आधार देऊन उभी करायची आणि दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा धिरा पक्का बसवायचा. हा धिरा न लावता दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापल्या तर गाडी स्वतःच्या वजनानं वाकते. मग कितीही महागडा नवा पत्रा लावा, दार परत नीट लागत नाही. म्हणून एका वेळी एकच बाजू. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, ते काढता येतं. बोल्ट गंजून तुटतात तो भाग वेगळा. मागचं मडगार्ड मात्र वेल्ड केलेलं आणि सिलचं शेपूट त्याच्या आत शिरलेलं, म्हणून त्याचा खालचा तुकडा कापून बाजूला ठेवावा लागतो. मग खास ड्रिलनं एकेक स्पॉट वेल्ड उकलायचा. घाई करून ग्राइंडरनं कापलं तर ज्या कडेवर नवा पत्रा बसवायचा तीच कड जाते. नव्या पत्र्याच्या कडेला ओळीनं भोकं पाडायची, जोडाच्या दोन्ही अंगांना जस्ताचा प्रायमर मारायचा, क्लॅम्प लावायचे आणि वेल्डिंगला हात लावण्याआधी धिरा काढून दार बसवून बघायचं. फट बघायची. क्लॅम्प सैल करून पत्रा किंचित सरकवायचा. पुन्हा दार लावायचं. या खेळात एक अख्खा रविवार गेला तरी तो सत्कारणी लागला म्हणायचं. फट मनासारखी झाली की धिरा परत जागेवर आणि मग भोकं वेल्डनं भरायची, तीही लागोपाठ नव्हे तर एक इथली, एक तिथली, म्हणजे पत्रा तापून वेडावाकडा होत नाही. शेवटी पेटीच्या आत मेण फवारायचं. कारखान्यानं तेवढं केलं असतं तर हे सगळं करायची वेळ पुष्कळांवर आली नसती.

वेल्डिंग येत नसेल तर? येत नाही म्हणूनच पुष्कळजण शिकतात. घरच्या कामाला मिग वेल्डर पुरतो, आणि भंगार पत्र्यावर हात बसेपर्यंत सराव करायचा. तरी सिलचं काम पैसे देऊन जाणकाराकडून करून घेणाऱ्याला मी कमी लेखणार नाही. ब्रेक आणि सिल या दोन ठिकाणी हौस आवरती घेतलेली बरी.

इंजिनाकडे वळलो की मराठी वाचकाला ओळखीचा चेहरा भेटतो. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन हे बीएमसीच्या ‘बी सिरीज’ घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५९पासून आपल्या ॲम्बेसेडरमध्ये आलं आणि कितीतरी वर्षं सरकारी पांढऱ्या गाड्या ओढत राहिलं. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, लोखंडाचंच हेड, बाजूला कॅमशाफ्ट, पुशरॉड, वर रॉकर. तीच ठेवण. ज्या मिस्त्रींचं आयुष्य ॲम्बेसेडरचे टॅपेट सेट करण्यात गेलं, त्यांना एमजीबीचं झाकण उघडून दिलं तर कुठं काय आहे हे सांगावं लागणार नाही. पानेही तेच, इंची. मिलिमीटरचा सेट घेऊन बसलात तर प्रत्येक नटाची डोकी गोल करून ठेवाल.

१९६४च्या शेवटापर्यंतच्या इंजिनांत क्रँकला तीन बेअरिंग होती, नंतर पाच झाली. घेताना पाचवालं घ्यावं. तीनवाल्यात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही, त्यामुळे तेलाचे थेंब पडणं हा बिघाड नसून स्वभाव आहे. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारत बसू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावं, काही दिवस मुरू द्यावं आणि वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी पुढं-मागं हलवत राहावं. पुष्कळदा तेवढ्यानं सुटतं. क्लच प्लेट बदलायची तरी इंजिन बाहेर काढावं लागतं. चेनकप्पी आणि एक मदतनीस असला की ते एका दिवसाचं काम.

एसयू कार्बोरेटरची जोडी हा मात्र या गाडीतला गमतीचा भाग. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर मंडळी मूळची चपला-बुटांच्या धंद्यातली, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. नंतर भात्याची जागा पितळी-ॲल्युमिनियमच्या पिस्टननं घेतली. इंजिन हवा ओढेल तसा हा पिस्टन उचलला जातो, त्याच्यासोबत निमुळती सुई वर येते आणि पेट्रोलची वाट कमी-जास्त उघडते. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढताहेत की नाही हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे रबरी नळीचा तुकडा. एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीनं दोन्ही तोंडांशी. फुसकारा एकाच सुरात आला की स्क्रू घट्ट करायचा. त्यासाठी मीटर मिळतात, तरी नळीवाले काही कमी झालेले नाहीत.

वायरिंगबद्दल विजेचे भाग पुरवणाऱ्या लुकास कंपनीची जगभर टिंगल झाली. ती निम्मी अन्यायाची आहे. दिवे मिणमिणतात, इंडिकेटर रुसतो, याचं कारण बहुधा अर्थिंगच्या जागी चढलेला गंज असतो. लुकासची रंगांची शिस्त तर उत्तम होती: तपकिरी वायर बॅटरीची कायम चालू, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी फ्युजनंतरची, जांभळी कायम चालू पण फ्युजमधून, काळी अर्थ. एवढं पाठ असलं की निम्मी गाडी डोळे मिटून तपासता येते. मात्र १९६७पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे हे विसरून आजची म्युझिक सिस्टिम लावली तर ती जळालीच. आणि त्या बॅटऱ्या! सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटांच्या मागं फळीखाली पुरलेल्या. त्यांच्या ॲसिडनं खालची बैठक सडलेली असते, आणि तिकडं कोणी वर्षानुवर्षं पाहिलेलंच नसतं.

रंगाचं काम घरी करू नये. टू-पॅक रंगांतले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात आणि साध्या मास्कनं ते अडत नाहीत. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घासणं, लांबी-प्रायमर आपण करावं, शेवटचा हात पेंटरकडे.

पेट्रोलची एक वेगळीच भानगड आहे. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचं. २०००च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही शिसं गेलं, म्हणून हेड उघडलंच आहे तर कठीण धातूच्या सीट बसवून घेतात. मग २०२१च्या सप्टेंबरपासून ब्रिटनच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडतात, तडकतात, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल टपकू लागतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घालाव्यात. आपल्याकडं तर प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं आहे, तेव्हा जुन्या गाड्यांच्या भारतीय मालकांनाही हे लागू.

खर्चाचं गणित जमत नाही हे आधीच मान्य करावं. पत्रा, रंग, क्रोम, सीटा, हूड यांची बेरीज तयार गाडीच्या किमतीला गाठते आणि ओलांडतेही. जाहिरातींत अर्धवट खोललेल्या, खोक्यांत भरलेल्या गाड्या स्वस्तात मिळतात त्या यामुळेच. खोक्यांतली गाडी घेऊ नये. कुठला बोल्ट कुठला हे ज्यानं खोललं त्यालाच ठाऊक, आणि बहुधा त्यालाही आठवत नाही. आपण स्वतः खोलताना प्रत्येक भागाची पिशवी वेगळी, तीवर चिठ्ठी आणि मोबाइलवर फोटो, एवढी शिस्त पाळली तरी पुढचं निम्मं काम हलकं होतं.

ब्रिटन सरकार या छंदाला बऱ्यापैकी हात देतं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर माफ, आणि २०१८च्या मेपासून मोठे फेरबदल न केलेल्या अशा गाडीला वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. समजदार मालक तपासणी तरीही करून घेतात. आपल्याकडं २०२१च्या जुलैमध्ये नियम आला: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र ती रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची.

पुण्या-कोल्हापुरात कोणाला अशी हौस असेल तर एमजीबी शोधत बसण्याचं कारण नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१पासून बनवलेली हेरल्ड बघावी. आकृती इटालियन मिकेलोत्तीची, आणि इंग्लंडमध्ये तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार १९६२मध्ये निघाली. चासी वेगळी, अंगाचे पत्रे बोल्टवर, आणि बॉनेट पुढच्या बाजूला मडगार्डांसकट अख्खं उलटतं, त्यामुळे टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. पण चासीचे मागचे आडवे हात लोहचुंबक आणि हातोडी घेऊन आधी तपासून घ्या.