अंगणवाडी सुटल्यावर

सिन्नर तालुक्याचा बराचसा भाग अवर्षणाचा. पाणी साठवायला शिवारोशिवारी शेततळी झाली, २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्यांत भर पडली. शेतकऱ्याला त्यांनी तारलं, हे खरंच. पण तळाला आणि उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही, तिथे चार वर्षांच्या पोराची काय कथा! भोवती जाळीचं कुंपण, फाटकाला कडी, आणि काठाला घट्ट बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर, एवढं प्रत्येक तळ्याला हवंच. दोराला तर फारसा खर्चही नाही.

बालसुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळेतला कॅमेरा येतो. इथे ती कठडा नसलेल्या विहिरीपासून, उसातल्या बिबट्यापासून, पडवीत ठेवलेल्या फवारणीच्या औषधापासून सुरू होते. सिन्नरचा विडीचा धंदा जुना. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि शेजारी रांगतं मूल. भुकटी त्याच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. त्या आईला बोल लावून उपयोग नाही. तिला मजुरी मिळते हजार विड्यांमागे, आणि पोराला ठेवायला दुसरी जागा नसते.

ती जागा कोणती, याचं उत्तर महाराष्ट्रात फार आधी शोधलं गेलं. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिकवण्याआधी मुलांना न्हाऊमाखू घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हेही त्यांच्या बालशिक्षणाचाच भाग होतं. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली.

अंगणवाडीत एक साधी पट्टी असते, दंडाचा घेर मोजायची. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर पट्टी लाल दाखवते. ते मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबाराच्या आत असेल तर पिवळं. पण पट्टी लावणाऱ्या सेविकेला त्याहून पुष्कळ काही दिसतं. रोज खिचडी संपवणारा आज ताटाकडे बघत नाही. बडबडी मुलगी दोन दिवस गप्प आहे. एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर घरी जायचं म्हटलं की रडते. हे दिसायला त्याच बाईचा रोजचा सहवास लागतो. तिचा निम्मा वेळ मोबाइलमध्ये नोंदी भरण्यात गेला तर मुलांकडे बघायचं कोणी?

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर सरकारने शाळांत कॅमेरे, तक्रारपेट्या, सखी सावित्री समित्या यांबाबत आदेश काढले. ते हवेतच. मुलांना चांगला-वाईट स्पर्शही जरूर सांगावा. पण स्वतःला वाचवण्याची जबाबदारी आपण चार वर्षांच्या मुलीवर टाकू शकत नाही. तिला शौचाला कोण नेतं, त्या वेळी दुसरी बाई नजरेच्या टप्प्यात आहे का, घरी न्यायला येणारा माणूस आईने आधी सांगितलेलाच आहे का, हे मोठ्यांनी रोज पाहायचं. आणि शंका आली तर गावची अब्रू मध्ये आणायची नाही. पोक्सो कायद्याखाली असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. १०९८ हा क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा.

एवढं सगळं नीट झालं तरी दुपारी अंगणवाडी सुटते. कांदे लावायला गेलेली आई दिवस मावळता येते, कारखान्यातली आई पाळी संपल्यावर. तीन वर्षांखालच्या मुलाला तर घरी न्यायचा आहारच तेवढा मिळतो, दिवसभर बसायला जागा नाही. मग आठ-नऊ वर्षांची बहीण त्याला कडेवर घेते आणि तिची शाळा बुडते. १९४८च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची अट घातली. छोट्या कारखान्यांना ती लागूच पडत नव्हती, शेतमजूर बाईचा तर प्रश्नच नाही.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास परप्रांतातून आलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या हाकेला आजी नाही, मावशी नाही. तालुक्यातली अशी पाळणाघरं आधी तिथे निघावीत. दहा-पंधरा लहान कारखानदारांनी मिळून एक चालवायलाही काही हरकत नाही. जागा, दोन प्रशिक्षित बायका, त्यांना वेळेवर पगार आणि संध्याकाळी आई येईपर्यंत उघडं दार, एवढी तरतूद त्यासाठी करावी लागेल.