डब्यातला दम

कसारा घाटात गाडी ओढत नाही, ही ट्रकवाल्यांची जुनी तक्रार. तिच्यावर हल्ली गॅरेजात एक नवा उतारा मिळतो: मुठीएवढा काळा डबा. कोणी त्याला चिप म्हणतं, कोणी पॉवर बॉक्स. दोन कपलर काढायचे, मध्ये डबा अडकवायचा, दहा मिनिटांचं काम. पिकअप वाढेल आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल, असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. पुढे अनेकदा होतं ते असं: डिझेलचा हिशेब होता तिथेच राहतो, चेक लाइट पेटते आणि डबा केबिनमधल्या कप्प्यात जाऊन पडतो.

हा डबा ज्या व्यवस्थेशी खेळतो तिच्याशी नाशिकमधल्या सातपूरकरांची घरची ओळख आहे. जुने लोक अजूनही जिला मायको म्हणतात आणि जी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते, त्या कंपनीच्या इथल्या कारखान्यात डिझेलची नोझल आणि इंजेक्टर बनतात. महिंद्राच्या गाड्या सातपुरात तयार होतात आणि इंजिनं घाटमाथ्यावर, इगतपुरीला. त्यामुळे निदान इथे तरी डब्याबद्दलचे हे गैरसमज टिकायला नकोत.

गैरसमज १: डबा इंजिनात जादा दम भरतो.

वस्तुस्थिती: डबा दम भरत नाही, तो फक्त खोटं बोलतो. कॉमन रेल इंजिनात पंप एका जाड नळीत डिझेल प्रचंड दाबाने साठवतो. हा दाब दीड हजार बारच्याही वर जातो. नळीवरचा सेन्सर तो मोजतो आणि अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यानचा संदेश ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या मेंदूला, पाठवतो. डबा बसतो तो नेमका या दोघांच्या मध्ये. समजा, खरा दाब १,४०० बार आहे. डबा १,३०० सांगतो. ईसीएमला वाटतं दाब कमी पडला, म्हणून तो पंपाकडून वाढवून घेतो. नोझल उघडी राहते तेवढाच वेळ, पण डिझेल जास्त पडतं.

पिकअप वाढल्यासारखं वाटतं ते यामुळे, आणि तेवढं खरंही असतं. पण एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डब्याने डिझेल वाढवलं, हवा नाही. टर्बोला तेवढी हवा पुरवता आली नाही, तर उरलेलं डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं.

गैरसमज २: दम वाढला की गाडी कमी डिझेल पिते.

वस्तुस्थिती: हा हिशेब कसारा घाटावरच मांडून पाहू. घाटाचा चढ उंचीत सुमारे ३०० मीटर धरा आणि भरलेला ट्रक साडेअठरा टनांचा. एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायला साधारण ५४ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात आणि चांगलं इंजिन त्यातला ४० टक्क्यांच्या आसपासचा भाग चाकांच्या कामी लावतं. बाकीचा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे जातो. म्हणजे निव्वळ वजन वर न्यायलाच पावणेचार लिटर लागणार. वारा आणि टायरांचं घर्षण वेगळं. डबा लावल्याने ट्रक हलका होत नाही की घाट बुटका होत नाही. तोच घाट जास्त वेगाने चढता येईल, पण जादा वेगाचे पैसे डिझेलमध्येच मोजावे लागतील.

गैरसमज ३: मीटरवरच वाढलेलं अ‍ॅव्हरेज दिसतं की!

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथे. डॅशबोर्डवरचा आकडा टाकीतलं डिझेल मोजून येत नाही. नळीतला दाब किती आणि नोझल किती वेळ उघडी राहिली, यावरून ईसीएम तो काढतो. दाबच खोटा कळवला, तर पडलेलं डिझेलही मीटरवर कमीच दिसणार. ज्या काट्यावर माल तोलायचा त्याच काट्यात खोट केल्यावर वजन बरोबर कसं येईल?

गैरसमज ४: कंपनी मुद्दाम दम दाबून ठेवते.

वस्तुस्थिती: इंजिनात राखीव ताकद असते, हे खरं. पण ती विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हासाठी, भेसळीच्या डिझेलसाठी, जादा भरलेल्या मालासाठी आणि काही लाख किलोमीटरच्या आयुष्यासाठी ठेवलेली असते. इंजेक्टरमधल्या सुईची फट दोन-चार मायक्रॉनची असते, माणसाच्या केसाच्या जाडीचा वीस-पंचविसावा भाग. सतत वाढीव दाब आणि वाढीव उष्णता सोसायची वेळ आली की आधी क्लच घसरू लागतो, मग नोझल, टर्बो आणि पिस्टनची पाळी येते. जास्त ताकदीचं मॉडेल काढताना कंपनीही नुसता प्रोग्रॅम बदलून थांबत नाही. गरजेप्रमाणे टर्बो, रेडिएटर, क्लच आणि गिअरबॉक्सही बदलते.

गैरसमज ५: ओबीडीच्या, म्हणजे गाडीतला बिघाड तपासायच्या, सॉकेटात खोचायचा स्वस्त तुकडा तरी निर्धोक असतो.

वस्तुस्थिती: असे अनेक तुकडे उघडून पाहिले तेव्हा आत लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवणारं छोटं सर्किट, एवढंच निघालं. इंजिनशी बोलणारी तार त्यांना जोडलेलीच नसते. फरक जाणवतो तो चालकाच्या पायाने: नवी वस्तू लावली की माणूस काही दिवस अ‍ॅक्सिलरेटर जपून दाबतो.

गैरसमज ६: पासिंगच्या आधी डबा काढला की झालं.

वस्तुस्थिती: दाबाने मर्यादा ओलांडली तर ईसीएम तशी नोंद ठेवू शकतो, आणि जळालेल्या पिस्टनचा माथाही वर्कशॉपमध्ये बोलतो. मग वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकमध्ये धुरातला विषारी वायू मारायला युरिया वापरतात; तो ‘बंद करून देतो’ म्हणून बसवला जाणारा डबा तर थेट विषारी नायट्रोजन ऑक्साइड हवेत सोडतो.

मग अ‍ॅव्हरेज वाढवायचंच नाही का? वाढवायचं, पण जिथे ते गळतं तिथे. टायरमध्ये नेमकी हवा, स्वच्छ एअर फिल्टर, न अडकणारे ब्रेक आणि आवरलेला वेग. ताशी ६० वरून ८० वर गेलं की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटीहून अधिक होतो. महामार्गावर डिझेल उडतं ते इथे.

एवढं सांगूनही डबा घ्यायचाच असेल, तर पैसे देण्याआधी टाकी ते टाकी परीक्षा घ्या. चालक, मार्ग आणि वजन तेच ठेवा. पंप तोच, टाकी काठोकाठ. तीन फेऱ्या डब्याशिवाय, तीन डब्यासकट. मीटरकडे बघू नका, पंपाच्या पावत्या जोडा. आणि विकणारा या परीक्षेला तयार नसेल, तर परीक्षा घ्यायची गरजच उरली नाही.