पायी नर्मदा परिक्रमा (लेखांक ५) : पाठीवरचे ओझे

परिक्रमेत पाठीवरचे ओझे, पाण्यासकट, शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावे. साठ किलोच्या माणसाला ही मर्यादा सहा किलो पडते. दोन दिवसांच्या ट्रेकला बारा किलोही निभावतात. इथे मात्र रोज वीस-पंचवीस किलोमीटर, तेही चार-पाच महिने चालायचे असते आणि जादा वजनाची वसुली गुडघे व टाचांकडून होते.

सहा किलोंत भागते ते नर्मदेच्या काठामुळे. दोन्ही तीरांवर आश्रम, धर्मशाळा आणि मंदिरे आहेत. परिक्रमावासीला तिथे निवारा मिळतो, भोजनप्रसाद किंवा सदाव्रत, म्हणजे स्वतः शिजवायचा कोरडा शिधा, मिळतो. त्यामुळे तंबू, स्टोव्ह आणि किराणा घरीच राहू शकतो. हिमालयातल्या ट्रेकची यादी समोर ठेवून सॅक भरणारे इथेच चुकतात. डोंगराळ टप्प्यासाठी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एका वेळेचे सत्तू जवळ असले की पुरते.

सॅक पस्तीस-चाळीस लिटरची घ्यावी. साठ लिटरची घेतली की रिकामी जागा डोळ्यांत खुपते आणि काहीतरी भरले जातेच. कमरेचा पट्टा हवाच, कारण त्याने खांद्यावरचा भार कमरेवर उतरतो. जड वस्तू पाठीला लागून मधोमध ठेवाव्यात. आत जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी घालून सगळे सामान तिच्यात भरले, तर अवकाळी पावसात अंथरूण कोरडे राहते.

अंथरुणात काटकसर करू नये. ओंकारेश्वरहून कार्तिकात, नदी उजव्या हाताला ठेवून निघालेल्याला थंडी गाठते ती सातपुड्यात, बडवानीपासून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीपर्यंतच्या डोंगरांत. आश्रमात कांबळे मिळेलच असे नाही. एक-सव्वा किलोची स्लीपिंग बॅग आणि खाली पातळ फोमची पट्टी, एवढे वजन सोसण्याजोगे आहे.

कपड्यांचे दोन जोड, एक अंगावर आणि एक सॅकमध्ये. परिक्रमेत पांढरे कपडे घालण्याचा प्रघात आहे, पण जाड सुती कापड हिवाळ्यात रात्रभरात वाळत नाही आणि ओले कापड सॅकमध्ये जड होते. मिश्र धाग्याचे पातळ कापड सोयीचे. टॉवेलऐवजी पंचा न्यावा. तो अंग पुसतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, पहाटे कानांभोवती गुंडाळता येतो आणि तासाभराच्या उन्हात वाळतो.

पायांवरचे वजन वेगळ्या हिशेबाने मोजावे लागते. बुटांचा एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतकी ताकद खातो, असे सैनिकांवरील चाचण्यांतून दिसले आहे. म्हणून घोट्यापर्यंतच्या जाड बुटांपेक्षा हलके बूट बरे. चालून पाय सुजतात, तेव्हा माप अर्ध्या नंबरने मोठे असावे. मोजे तीन जोड.

पाण्याचे वजन टळत नाही, लिटरला किलो. वस्तीच्या वाटेवर एक लिटर, डोंगरात दोन. जड स्टीलच्या बाटलीऐवजी साधी प्लास्टिकची चालते. नर्मदाजलाची पूजेची कुपी लहान घ्यावी. श्रद्धेला मोठी बाटली लागत नाही.

खरे वजन साठते ते सुट्या वस्तूंत. टूथपेस्टची मोठी ट्यूब, साबणाची अख्खी वडी, तेलाची बाटली, दोन चार्जर, जाडजूड पोथी मिळून सहज दीड किलो होतो. पेस्ट छोटी, साबणाची अर्धी वडी, पोथीऐवजी नर्मदाष्टकाचा कागद. औषधांच्या पाकिटात मात्र ओआरएस, चिकटपट्टी, फोडांसाठी जंतुनाशक आणि रोजच्या गोळ्या पुरेशा असाव्यात. सगळे भरून झाले की सॅक काट्यावर ठेवावी आणि तीच पाठीवर घेऊन लागोपाठ दोन दिवस पंधरा-वीस किलोमीटर चालून पाहावे.

समुद्र ओलांडून मिठीतलाईला उत्तर तीरावर उतरेपर्यंत हिवाळा बराच सरतो. तिथून पुढे ज्या गावात पोस्ट लागेल तिथून जाड कपडे पार्सलने घरी धाडावेत. एक स्वेटर तेवढा ठेवावा, कारण पुढे अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे आणि तिथली पहाट फाल्गुनातही गार असते.