पेढीवरून उतरल्यानंतरची वीस वर्षे

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. २०१६ ते २०२० या काळातील नमुना नोंदणी पाहणीत ते ७० वर्षांवर आलेले दिसते. पूर्वीचा आकडा इतका लहान होता तो मुख्यतः बालमृत्यूंमुळे. यास्तव व्यापाऱ्याने आपल्यापुरता हिशेब करताना दुसरा आकडा पाहावयास हवा. आज साठी गाठलेल्या मनुष्यास पुढे सरासरी १८ वर्षे आयुष्य लाभते, स्त्रियांस त्याहून थोडे अधिक. सरासरी म्हणजे मर्यादा नव्हे. कित्येकजण तिच्या पलीकडे जातात. शिवाय पत्नी बहुधा वयाने लहान असते, म्हणून पतीच्या पश्चात तिचा काळ राहतोच. सारांश, साठाव्या वर्षी जो आराखडा आखावयाचा तो नव्वदीपर्यंत पुरेल असा असला पाहिजे.

सरकारी नोकरास निवृत्तीवेतन असते, गिरणीतील वा कचेरीतील नोकरास भविष्यनिर्वाह निधी असतो. व्यापाऱ्यास यांपैकी काहीच आपोआप मिळत नाही. त्याची सारी मिळकत मालात, उधारीत, वखारीत आणि दुकानाच्या जागेत गुंतलेली असते. खतावणीत तो लक्षाधीश असतो. परंतु औषधाचे बिल खतावणीने भागत नाही, त्यास रोकड लागते. मुलाने दुकानाचा कारभार हाती घेतला की त्याच दुकानाच्या गल्ल्यातून वडिलांना खर्चासाठी मागून घेण्याची पाळी येते. मुलगा सज्जन असला तरी मागणाऱ्याच्या मनाला ते लागतेच, आणि ज्या वर्षी धंदा बुडीत जातो त्या वर्षी बापलेक दोघेही एकदम अडचणीत येतात.

आता महागाईचे गणित पाहू. ७२ या संख्येस दराने भागले असता रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे मिळतात, हा ठोकताळा आपल्या परिचयाचा आहे. तो व्याजास लागू आहे, तसाच भाववाढीसही. महागाई दरसाल ६ टक्के धरली, तर भाव १२ वर्षांत दुप्पट होतात. समजा, साठाव्या वर्षी पतिपत्नींचा मासिक खर्च ४०,००० रुपये आहे. तोच संसार, तेच जेवण; तरी बहात्तराव्या वर्षी ८०,००० आणि चौऱ्यायशीव्या वर्षी १,६०,००० रुपये लागतील. मुद्दल शाबूत ठेवून सारे व्याज खाणारा मनुष्य आपण सुरक्षित आहोत असे समजतो. वास्तविक बारा वर्षांत त्याच्या मुद्दलाची खरेदीशक्ती निम्म्यावर येते. व्याजाचा काही भाग दरवर्षी पुन्हा मुद्दलात घातला पाहिजे, हा यातून निघणारा नियम होय.

यावर उपाय एकच. वयाच्या चाळिशीपासून पेढीच्या नफ्यातून ठराविक हिस्सा पेढीबाहेर काढावा आणि तो पुन्हा मालात घालू नये. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी १९६८ सालापासून चालू आहे. त्याची मुदत १५ वर्षांची असल्याने तो लवकर उघडण्यात लाभ आहे. राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजना २००९ सालापासून सर्व नागरिकांस खुली झाली. साठी उलटलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेण्यात आली व त्या वेळी व्याजाचा दर ८.२ टक्के ठरला. त्या दराने ३० लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये हाती येतात. दर सरकार वेळोवेळी ठरवते, म्हणून पैसे गुंतविण्यापूर्वी चौकशी करावी.

आपल्यापैकी पुष्कळांचा ओढा ओळखीच्या सहकारी बँकेकडे असतो. त्यात गैर काही नाही; मात्र ठेवींच्या विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत, असे फेब्रुवारी २०२० मध्ये ठरले. म्हातारपणाची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये. अधिक व्याजाच्या लोभाने ती खासगी हातउसनवारीत घालणे तर सर्वथा टाळावे.

आजारपण हा या हिशेबातील मोठा खड्डा. आरोग्यविमा प्रकृती धडधाकट असतानाच घ्यावा, कारण आधीच जडलेल्या रोगांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पुरी झालेल्या सर्वांस, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय करण्यात आली. आपल्या घरातील वृद्धांची नोंद झाली आहे की नाही हे प्रत्येकाने पाहावे.

कागदपत्रांची हयगय ही व्यापारी घराण्यांची जुनी खोड आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळे लिहिलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. यास्तव भागीदारीपत्र काढून वाचावे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांसही लागू आहे. गोव्यातील सभासदांनी मात्र तेथील वेगळा वारसा कायदा ध्यानात घ्यावा, कारण तेथे मुले वा इतर सक्तीचे वारस असता निम्म्या मालमत्तेवर त्यांचा हक्क राखलेला असतो. खात्यावर नाव लावले म्हणजे तो मनुष्य मालक झाला, हा समज चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, मालकी वारसांची असते. हयातीतच घर मुलांच्या नावे करावयाचे असेल, तर दानपत्रात आपल्या सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. तशी अट असून ती मोडली गेली, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अशी अट घालणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब चोख असला म्हणजे नाते स्वच्छ राहते.

पैशाइतकीच शरीराचीही शिल्लक राखली पाहिजे. गादीवर बसून आयुष्य घालविणाऱ्यांच्या मांड्यांतील बळ लवकर सरते, आणि उतारवयात एका पडण्याने माणूस अंथरूण धरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि वृद्धांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगितला आहे. रक्तदाब, साखर, दृष्टी व श्रवण यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. ऐकू कमी येऊ लागले की मनुष्य चारचौघांतून उठून जातो, आणि एकटेपणा हाही एक रोगच आहे. कारभार सोडला तरी बाजाराशी संबंध तोडू नये. नव्या पिढीस माल पारखावयास शिकविणे हे वृद्धाचेच काम.

येत्या दिवाळीस वहीपूजन होईल तेव्हा नव्या वहीत आणखी एक खाते उघडावे, स्वतःच्या व पत्नीच्या उतारवयाचे. त्यात पहिली रक्कम लहान असली तरी चालेल. पण ती दरसाल न चुकता पडावी आणि त्या खात्याची माहिती पत्नीस असावी. ज्या गृहिणीने चाळीस वर्षे घर चालविले, तिला पतीच्या पश्चात कोणत्या बँकेत काय आहे हे इतरांस विचारावे लागू नये.