माउलींच्या अश्वाचा तोबरा

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आमच्या कारखानदारीच्या पट्ट्यात 'अश्वशक्ती' हा शब्द मोटारींच्या आणि पंपांच्या पाट्यांवर रोज दिसतो. खऱ्या अश्वाची आठवण मात्र ज्येष्ठ महिन्यातच होते. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व सुमारे 300 किलोमीटर चालत शेजारच्या आळंदीला येतात आणि माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट धरतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण तिच्यावर साक्षात माउली आरूढ असतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा! हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासूनचा हा मान.

आळंदी ते पंढरपूर आणखी सुमारे 250 किलोमीटर. एवढी चाल एका मुक्या जनावराला कशी झेपते? टाकी भरली की गाडी पळाली, हा आम्हा यंत्रवाल्यांचा हिशेब इथे चालत नाही. देहाच्या मानाने घोड्याचे जठर लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचे. म्हणून दिवसातले बरेच तास थोडे थोडे चरत राहणे हा त्याचा धर्म. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. नको ते किंवा नको तितके पोटात गेले की पोटशूळ उठतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर तो जिवावर बेततो.

म्हणूनच लांबच्या प्रवासात पहिला मान वैरणीचा. 400 किलो वजनाच्या घोड्याला चारा आणि चंदी मिळून दिवसाला साधारण 8 किलो कोरडे खाद्य लागते. त्यात मोठा वाटा गवताचाच हवा. भिजवलेला हरभरा, जव, कोंडा ही चंदी तोबऱ्यातून दोन-तीन वेळा विभागून द्यायची. मुक्कामी पोचल्या पोचल्या तोबरा चढवायचा नाही. आधी तंग सैल करायचा, घोड्याला हळूहळू फिरवायचे, पाणी दाखवायचे, मग गवत टाकायचे. चंदी तासाभराने. पाणी दिवसाला 25 ते 40 लिटर, उन्हात त्याहूनही जास्त. घामावाटे मीठ फार जाते, तेही भरून काढायला हवे.

मग खरारा, पाठीवर हात फिरवून खोगिराने कुठे सोलले तर नाही ना हे पाहणे, आणि एकेक खूर उचलून खडा काढणे. डांबरी रस्त्यावर नाल झिजतात, घसरतात. नालबंदाचे काम निघण्यापूर्वीच उरकलेले बरे. विसाव्याला घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 पडते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य ती मोजतात आणि ठरल्या वेळेत ती 60-64 च्या घरात उतरली नाही, तर घोड्याला पुढे सोडत नाहीत.

ही काळजी मराठी माणसाला नवी नाही. चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी बजावले होते की, दाणा-वैरण आताच मनमानी उधळली तर पावसाळ्यात ती मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. त्या मरणाचा दोषही त्यांनी उधळणाऱ्यांच्याच माथी ठेवला होता.

आज मात्र मला भीती वाटते ती उपासाची नव्हे, आपल्या प्रेमाची. अश्व दिसला की कुणी पेढा पुढे करतो, कुणी गूळ, कुणी बिस्किटे. प्रत्येकाला वाटते, आपला एकच तर घास! पण असे हजार हात असतात आणि पोट एकच. त्यात टापांखालची माती कपाळी लावायला गर्दी पायांशी झोंबते, मोबाइल थेट डोळ्यांपुढे येतात. जनावर बुजते, खात नाही, पीत नाही, आणि उद्याची चाल तर ठरलेलीच असते.

दर्शन अवश्य घ्यावे, पण चार हात लांबून. काही द्यायचेच असेल तर सांभाळणाऱ्यांना विचारून चाऱ्याची पेंढी त्यांच्या हाती द्यावी. मोतद्दार 'नको' म्हणाला, तर तोच प्रसाद समजून मुलांना घेऊन मागे सरावे. ज्या पाठीवर माउली बसतात असे आपण मानतो, तिच्याखालचे पोट सांभाळणे हीसुद्धा वारीच आहे.