गोठ्यातली जुनी मोटार

आळंदीहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याने आपण कधी गेला असाल, तर एक गंमत पाहिली असेल. एकीकडे नव्या कोऱ्या मोटारी कारखान्यांतून ट्रकांवर लादून बाहेर पडत असतात. आणि त्याच रस्त्यालगतच्या एखाद्या वाड्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड, आजोबांनी घेतलेली फियाट चारी चाकांतली हवा गेलेल्या स्थितीत उभी असते. तिच्यावरून घरात वर्षानुवर्षे एकच वाद. भंगारवाल्याला द्यायची, की दुरुस्त करायची? आज या प्रश्नाविषयी थोडे बोलू. मी इंजिनियर नव्हे, महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण ही मोटार हाही आपल्या इतिहासाचाच एक तुकडा आहे, आणि तिच्यात समजण्यास कठीण असे फारसे काही नाही.

ही गाडी मूळची इटलीची, पण वाढली आपल्या मुंबईत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम डॉज, प्लिमथ अशा मोठ्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार होऊन लहान गाड्या आल्या. १९५४ च्या सुमाराची गोलमटोल ११०० म्हणजे लोकांची ‘डुक्कर फियाट’. पुढे १९६४ पासून चौकोनी अंगाची आली, तीच नाव बदलत बदलत १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि २००० सालच्या आसपासपर्यंत निघत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जातच टॅक्सीच्या रस्त्यावरून गेली. हे एवढ्यासाठी सांगितले, की टॅक्सी धावत होत्या तोवर सुटे भाग करणारे आणि बसवणारे मिस्त्री दोघांनाही रोजचा धंदा होता. आता तो राहिला नाही. ज्यांना गाडी दुरुस्त करायची त्यांनी फार वाट पाहू नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

बरे, सुरुवात कोठून करावी? बहुतेक जण काय करतात, नवी बॅटरी आणतात आणि स्टार्टर मारतात. हे अगदी टाळा. गाडी दहा-पंधरा वर्षे उभी असेल, तर दट्ट्याच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असू शकतात. जोर केलात तर कडी मोडेल, भिंतीला ओरखडा पडेल, आणि शंभर रुपयांच्या कामाचे काही हजार होतील. चारी प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे तेल सोडा आणि दोन दिवस गाडीकडे पाहू नका. मग पुढून हँडल घालून हाताने हळूहळू फिरवून पाहा. फिरले तर निम्मी लढाई जिंकली. त्यानंतर इंजिनातले जुने तेल काढून नवे घालावे. टाकीतले जुने पेट्रोल ओतून टाकावे. ते इतक्या वर्षांत राळेसारखे झालेले असते आणि कार्बोरेटरची केसाएवढी भोके बुजवते.

पेट्रोलवरून आठवले. आपल्या उसाच्या मळीतून आणि रसातून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर वीस टक्क्यांवर गेले. ऊस पिकवणाऱ्याला त्यात चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट. पण साठ वर्षांपूर्वीच्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलसाठी केलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, झिरपू लागतात. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पडदा नव्या जातीच्या रबराचे घालावेत, आणि टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. इंजिन चालू झाले की घरातले सगळे आनंदाने गाडीत बसू पाहतात. थांबा! चालण्याच्या आधी थांबण्याची व्यवस्था पाहावी. या गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबाने चालतात. पायाखालचा एक दट्ट्या नळ्यांतले तेल दाबतो, आणि ते तेल चारी चाकांतल्या दट्ट्यांना ढकलते. जुन्या गाड्यांत बहुधा ही एकच वाट असते. म्हणजे एका चाकापाशी गळती झाली की चारी ब्रेक एकदम जातात. उरतो फक्त हातब्रेक.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ब्रेकचे तेलही हवेतले पाणी शोषते. ताजे साधे तेल सुमारे २०५ अंश सेल्सिअसला उकळते. त्यात जेमतेम पावणेचार टक्के पाणी शिरले की ते १४० अंशांच्या आसपास उकळू लागते. सपाट रस्त्यावर कळणारसुद्धा नाही. पण दिवे घाट उतरताना तुम्ही पाय दाबून धरता, ड्रम तापतो, तेलात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबून पाहा, पोरांनाही समजेल. तसाच पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून चाकांतले चारी दट्टे, त्यांची रबरे, मुख्य दट्ट्या आणि रबरी नळ्या हे सर्व बदलावे, आणि तेल दर दोन वर्षांनी नवे घालावे. रंगासाठी पैसे जपून ठेवायचे आणि ब्रेकला जुनेच रबर चालवायचे, हा हिशेब मला तरी कधी पटला नाही.

टायरचेही तसेच. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगला, असे नसते; रबर वयाने मरते. २००० नंतरच्या टायरवर चार आकडे असतात. २३१४ असेल तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला.

पत्र्याकडे येऊ. बैलगाडीला साटा वेगळा आणि वरची पेटी वेगळी असते. या फियाटला तसा निराळा सांगाडा नाही. पत्र्याची पेटी हाच सांगाडा. तेव्हा दारांखालची पट्टी किंवा जमिनीचा पत्रा कुजला, तर ती नुसती शोभेची बाब राहत नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. विकत घेणार असाल तर खिशात एक लोहचुंबक ठेवा. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. कुजका भाग कापून तेवढाच नवा पत्रा जोडावा. आणि कृपा करून गाडी गोठ्यात ठेवू नका. मूत्रातले क्षार आणि ओल पत्रा खातात. उरले ते, म्हणजे तारा, उंदीर खातात. वरून प्लॅस्टिकचा कागद घातला तर ओल आतच कोंडते. सुती चादर बरी.

पाण्याविषयी थोडक्यात. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरमध्ये बसतो आणि इंजिन तापते. या इंजिनाचे डोके अ‍ॅल्युमिनियमचे आहे, तापले की वाकडे होते. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट, एवढेच वापरावे.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. नव्या गाडीचे झाकण उघडले तर प्लॅस्टिकचे आच्छादन दिसते. फियाटचे उघडा, पदार्थविज्ञानाचा तास तयार! बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डिस्ट्रिब्युटरमधली लहानशी टोके उघडली की प्रवाह एकदम तुटतो आणि दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब उठून प्लगमध्ये ठिणगी पडते. एक, तीन, चार, दोन या क्रमाने. टोके जळून काळी पडली असतील तर बारीक कानशीने साफ करून मधले अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवतात. मुलांना हे हातात घेऊन पाहता येते. मात्र इंजिन चालू असताना कोणी तारांना हात लावणार नाही, हे पाहावे.

दुरुस्त झालेली गाडी राखावी कशी? रोज पाच मिनिटे जागच्या जागी चालू ठेवणारे लोक आहेत. त्यापेक्षा न चालवलेली बरी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ते पाणी तेलात आणि धुराच्या नळीत साचते. पंधरवड्यातून एकदा, पण वीस-पंचवीस मिनिटे, रस्त्यावर चालवावी.

कागदपत्रांचेही पाहिले पाहिजे. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. जुना क्रमांक असेल तर तो ठेवता येतो. नव्याने नोंदली तर क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नियम झाला तेव्हा नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क होते आणि मुदत दहा वर्षे. पण अशी नोंद केलेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. बाजारहाटाला न्यायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवावी. मूळ रूपाची अट असल्यामुळे इंजिन आणि चासीचे क्रमांक पुस्तकाशी जुळतात का, हे दुरुस्तीला हात घालण्याआधीच पाहून घ्या.

पहिली फेरी पहाटे मरकळच्या बाजूला काढा. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीचे दिवस सोडून. बरोबर पाण्याचा डबा, पाना, जास्तीचा पट्टा असू द्या. पाच किलोमीटरवर थांबा आणि एकेका चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहा, लावू नका. तीन कोमट आणि एकच कढत लागले, तर त्या चाकाचा ब्रेक अडकून राहतो आहे. तेथूनच सावकाश परत फिरा आणि मिस्त्रीला बोलवा.