‘पेशी’ शब्द व पेशीसिद्धान्त : अर्थनिश्चयाचा एक प्रश्न

जुन्या पोथींतील एखादा शब्द आजहि प्रचारांत असला, म्हणजे वाचकास तो परिचित वाटतो. आणि अर्थाचा घोटाळा बहुधा अशाच ठिकाणीं होतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत मनुष्यशरीरांतील पेशींची संख्या ५०० सांगितली आहे. आजच्या मराठींत ‘पेशी’ म्हणजे सजीव देहाचा सूक्ष्म घटक. तेव्हां आमच्या पूर्वजांस हा घटक सूक्ष्मदर्शकावांचूनच ठाऊक होता, असें अनुमान काढण्याचा मोह होतो. तें कितपत टिकतें हें ठरविण्यासाठीं आधुनिक अर्थ केव्हां व कसा सिद्ध झाला, हें आधीं पाहिलें पाहिजे.

इंग्लंडांतील रॉबर्ट हुक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ सालीं प्रसिद्ध झाला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां त्यांस मधाच्या पोळ्यासारखी रचना दिसली. त्या पोकळ्यांस त्यांनीं ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, हें नांव दिलें. एका इंचाच्या लांबींत अशा सुमारें १०८० पोकळ्या, म्हणजे एका घन इंचांत १२५ कोटींहून अधिक, असें गणितहि त्यांनीं मांडलें. परंतु बूच हें मृत द्रव्य; त्यांत हुक यांस दिसल्या त्या नुसत्या भिंती. सर्व वनस्पति व प्राणी ह्याच घटकांचे बनले आहेत, असा सिद्धान्त त्यांनीं मांडलेला नाहीं. शब्द त्यांचा, अर्थ मात्र पुढील काळाचा. ‘हुक यांनीं पेशी शोधली’ एवढेंच वाक्य आम्हीं अनेक वर्षें वर्गांत मुलांकडून पाठ करून घेतलें. तें अपुरें होतें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

दप्तरें जपणाऱ्यांस विशेष गोडी वाटेल अशी एक गोष्ट ह्याच काळांतील आहे. हॉलंडांतील डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक हे आपलीं निरीक्षणें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रांनीं कळवीत. १ जून १६७४ च्या पत्राबरोबर त्यांनीं बूच वगैरे पदार्थांचे काप लहान कागदी पुड्यांत घालून धाडले. १९८१ सालीं ब्रायन फोर्ड यांस त्या पुड्या सोसायटीच्या दप्तरांत मूळ पत्राशींच आढळल्या. पत्राची केवळ नक्कल राखली असती, तर तीन शतकांपूर्वींचा हा पुरावा नाहींसा झाला असता.

हुक यांच्यानंतर जवळजवळ पावणेदोनशें वर्षें गेलीं. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राऊन यांनीं ऑर्किडच्या पेशींतील गोलाकार भागास ‘न्यूक्लिअस’, म्हणजे केंद्रक, असें नांव दिलें. जर्मनींत मात्तियास श्लायडेन यांनीं १८३८ मध्यें वनस्पतींविषयीं, व तेओडोर श्वान यांनीं १८३९ मध्यें प्राण्यांविषयीं, देह पेशींचा बनलेला असतो असें प्रतिपादन केलें. शब्दास आजचा अर्थ आला तो येथें. मात्र नवी पेशी कशी उपजते, ह्या प्रश्नाचें दोघांचेंहि उत्तर चुकलें. द्रवांत स्फटिक बनावा तशी ती बनते, असें त्यांस वाटलें.

वस्तुतः पेशी दुभागून नव्या पेशी होतात, हें वनस्पतींत दुमोर्तिए यांनीं १८३२ मध्यें व फोन मोल यांनीं १८३५ मध्यें पाहिलें होतें. बर्लिनच्या रोबेर्ट रेमाक यांनीं १८४१ मध्यें कोंबडीच्या गर्भांतील रक्तपेशींचें विभाजन वर्णिलें, आणि प्राण्यांतहि पेशी पूर्वीच्या पेशींपासूनच होतात, असें १८५२ मध्यें निश्चयानें सांगितलें. १८५५ मध्यें रूडोल्फ फिर्खो यांनीं हाच नियम लॅटिन सूत्ररूपानें मांडला. त्यांत रेमाक यांचें नांव नव्हतें. सूत्र जगभर पसरलें व त्यासह फिर्खो यांची कीर्तिहि. रेमाक हे यहुदी. धर्मामुळें प्रशियांत त्यांस पूर्ण प्राध्यापकपद लाभलें नाहीं, व १८६५ मध्यें ते वारले. सूत्र करणाऱ्याचें नांव उरतें आणि पाहणाऱ्याचें लोपतें, हा अन्याय जुने कागद उलगडल्यावांचून दूर होत नाहीं.

आतां सुश्रुताकडे वळूं. ५०० पेशींपैकीं ४०० हातापायांत, ६६ कोष्ठांत व ३४ मानेच्या वर, अशी वांटणी तेथें दिली आहे. शिरा, स्नायु, अस्थि व संधि हे पेशींनीं वेष्टिलेले असल्यामुळें बळकट होतात, असेंहि म्हटलें आहे. अर्थात् येथें पेशी म्हणजे मांसखंड, ज्यास आज आपण स्नायु म्हणतों तो. आणि सुश्रुताचे ९०० स्नायु म्हणजे बांधून धरणारे तंतु. आजच्या अर्थाच्या पेशी मनुष्यदेहांत सुमारें ३० लक्ष कोटि आहेत. दोहोंचा मेळ बसणें शक्य नाहीं.

ह्यांत सुश्रुताची हानि कांहींच नाहीं. प्रेत वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवून, हळूहळू घासून, एकेक थर डोळ्यांनीं पाहावा, असें त्यानें सांगितलें. त्याचें मोठेपण त्या पाहण्यांत आहे. तेव्हां वैद्यकाच्या पोथ्यांची सूचि करणाऱ्यांनीं ‘पेशी’ शब्दापुढें आजचा अर्थ लिहूं नये, अशी आमची विनंति आहे. नसलेलें श्रेय देणें व असलेलें हिरावणें, हे दोन्ही सारखेच दोष होत.